बर्फाचा रस्ता खुला आहे

मे महिन्याच्या अकरा तारखेला
हेल्टरमा बंदराच्या प्रतीक्षागृहात फलक उजळला :
बर्फाचा रस्ता खुला आहे.
सीटबेल्ट लावू नका.
दोन गाड्यांत अडीचशे मीटर अंतर ठेवा.
खिडकीबाहेर समुद्र, निळा, सैल,
त्यावर बदकं.
सायकलवाल्या दोन पोरी हसून हसून बाकावर कोसळल्या.

मला बोलावणं आलं.
एंडेल म्हणाला, बिघडलं काहीच नाही, लीविका,
मशीन उठतं, पासवर्ड घेतं,
फक्त त्याला फेब्रुवारी वाटतो.

खरंच होतं.
घड्याळात मे, आणि नोंदी सगळ्या चौदा फेब्रुवारीला थांबलेल्या :
बर्फाची जाडी बत्तीस सेंटीमीटर. वारा ईशान्येचा.
कामावर : एंडेल.
शेरा : मांजर परत आली.

बूटलोडर हा साधा माणूस.
अंधारात सगळ्यांआधी उठतो,
हातात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर लांबलचक क्रमांक :
या नावाचं मूळ शोध,
घर त्याच्या हवाली कर, बाजूला हो.
वाद घालणं त्याच्या स्वभावात नाही.
जो आधी 'मी' म्हणेल, त्याला किल्ली.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
यंत्राचं विचारावं लागतं,
तेही टेबलाखाली पालथं पडून,
तोंडात टॉर्च धरून.

चिठ्ठीतला क्रमांक खोडून मी सरळ लिहिलं :
पहिली डिस्क, दुसरा भाग.
उठलं. मे.
मी कॉफी ओतली,
खात्रीसाठी एकदा बंद करून चालू केलं
फेब्रुवारी.
पहिली कोण, दुसरी कोण, हे इथे
दर वेळी नव्याने ठरतं,
शाळेच्या रांगेत धावत येणाऱ्या मुलांसारखं.

मग पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं
आणि दोन्ही डिस्कना नाव विचारलं.
दोघींनी एकच सांगितलं.
छत्तीस अक्षरं, काना-मात्रेचाही फरक नाही.

"ही दुसरी कुठून आली?"
एंडेलने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"हिवाळ्यात नक्कल करून ठेवली. तूच सांगायचीस, जपून राहा."
"आणि आतच ठेवलीस?"
"बाहेर ठेवली असती तर हरवली असती."
"आत्ताच का उपटली मग?"
"गेल्या आठवड्यात धूळ झटकली. दोन केबली निघाल्या. लावल्या परत."
"कशा?"
"जशा लागल्या तशा."
"बाइट न् बाइट नक्कल केली, एंडेल, की नावही उतरतं तिच्यात."
"नक्कल ती नक्कल. अर्धी कोण करतं?"
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जुनीचं बारसं केलं.
पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत,
नुसती एक ओळ, आणि एंटर.
चिठ्ठीत खरा क्रमांक परत लिहिला,
बूटलोडरकडून यादी नव्याने करून घेतली,
तीनदा बंद केलं,
तीनदा मे.

एंडेल हळूच म्हणाला,
"तो फेब्रुवारी… पुसलास?"
नाही. आहे तिथेच आहे.
किल्ली मागायला उठणार नाही, एवढंच.

फलकावर रोहुक्युलाची साडेपाचची फेरी आली.
त्या पोरी केव्हाच दुपारच्या बोटीने गेल्या होत्या,
फलकाचा फोटो काढून.
एंडेलने आजचं पान उघडलं, दोन बोटांनी टाइप केलं :
पाणी आठ अंश. बर्फ नाही.
शेरा :
इथे थांबला, खिडकीखाली वाकून पाहिलं,
मांजर अजून आहे.