डाव्या डोळ्याची बंदूक

इडवल बेबच्या दुकानात
मिटलेली बंदूक कोणी कोणाच्या हाती देत नाही.
आधी ती मोडायची, गुडघ्यात पाय दुमडावा तशी,
दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दाखवायचा,
मग पुढे करायची.
मला ही रीत आवडली.
माणसांत असती तर
माझी निम्मी भांडणं वाचली असती.

मी एकोणसाठ वर्षांची, नुकतीच निवृत्त.
तीस वर्षं वेल्सच्या या डोंगरांतून
बाळंतपणं करत हिंडले.
निरोपाला घड्याळ मिळालं,
जणू आता वेळ बघायची गरज पडणार होती.
परवान्यासाठी पोलीस घरी येऊन गेला.
लोखंडी कपाट भिंतीपासून हलतंय का पाहिलं,
विचारलं, मन थाऱ्यावर असतं ना?
म्हटलं, असतं,
शेजाऱ्याच्या मेंढ्या माझ्या वाफ्यात शिरेपर्यंत.
त्यानं ते लिहून घेतलं नाही.

मला भिंतीवरची हवी होती:
शेजारी शेजारी नळ्या, बाजूला कोरलेले तितर,
उचलली तर छत्रीएवढी.
"हलकी बंदूक जास्त लाथ मारते, मेरेरिड," इडवल म्हणाला.
"जड घे. जड बंदूक अर्धा धक्का स्वतः गिळते.
आणि तबकडी मातीची असते,
तितरांवर किती खर्च केलास
ते तिला कळत नाही."

मग त्यानं स्वतःचा एक डोळा मिटला.
"तुझे दोन्ही उघडे ठेव. बोट रोख माझ्या नाकावर."
रोखलं.
जन्मभर नाकासमोर चाललेली बाई मी,
नाकाला कशी चुकेन?
तो बराच वेळ बघत राहिला.
"बोट तुझ्या डाव्या डोळ्यासमोर उभं आहे.
घरचा मालक तो.
उजवा नुसता नोकरीला."

एकोणसाठ वर्षं.
सुईत दोरा, नाळेवर चिमटा,
रात्रीच्या घाटात वळणाचा अंदाज,
सगळं तो बघत होता
आणि सही उजवा हात करत होता.
गावच्या शाळेत मिस प्रोबर्टनं
माझी डावी बाही फ्रॉकला टाचणीनं अडकवली होती.
टाचणी कधी काढली आठवत नाही.

"चष्म्याच्या डाव्या काचेला ठिपका चिकटव, की झालं,"
इडवल म्हणाला.
"नाहीतर खांदा बदल."
मी खांदा बदलला.

तो आत गेला. टॉवेलात गुंडाळलेली एक घेऊन आला.
बारा बोअरची, एकावर एक नळ्या,
दस्ता डावीकडे किंचित कललेला,
अकरा वर्षं कोणाच्या गालाला न बसलेली.
कुणा डावखुऱ्या दंतवैद्याची म्हणे;
पाठ गेली, मग त्यानं गोल्फ धरला.
मोडली. उजेड पाहिला. घेतली.
"डोळे मिट. खांद्याला लाव. आता उघड."
पूर्वी पोटाला नळकांडं टेकवून
आतले ठोके ऐकायचे,
तसा गाल आपसूक खाली गेला.
टोकाचा पितळी मणी
मी बघत होते तिथेच होता.

किंमत खाली आली नाही.
चेकवर सही उजव्यानंच केली,
त्या हाताची आता तीच खोड.

रविवारी मेंढ्या वरच्या कुरणात हाकून
आम्ही सातजण वाऱ्यात उभे.
"नेम धरू नकोस," इडवल ओरडला,
"नेम रायफलवाल्यांनी धरावा.
तू नुसती बघ, आणि बघतेस तिकडे जा."
नारिंगी तबकड्या हिरव्या उतारावरून
एकामागून एक सुखरूप उतरल्या.
पंचवीसांत दोन फुटल्या.
त्यातली एक यंत्रातूनच तुटून निघाली होती,
चाप मी नंतर ओढला,
सगळ्यांनी पाहिलं.

तरी वहीत दोनच लिहिल्या.
डाव्या खांद्यावर जांभळाएवढा डाग,
आणि रात्री त्या कुशीवर
झोपायचा काही नेम नाही.