मंडईचा कागद

रोज रात्री अकराला मी दारांखालून कागद सरकवायचो.
नववा मजला, एकशे चौदा दारं.
उद्याचं बेट कोणतं, तिथं काय खायचं,
कोणत्या गल्लीत घड्याळं स्वस्त,
कोणत्या वाळूवर ढोल वाजतात उजाडेपर्यंत,
आणि तळाला, जाड अक्षरात:
साडेपाचला जहाजावर परत. भोंगा कुणासाठी थांबत नाही.

सात वर्षं बेटं पाहिली ती अशी, कागदावर.
आम्हाला उतरायला दोन तास.
धक्क्याला लागून एक दुकान, त्याचं फुकटचं वायफाय,
भिंतीला टेकून बसलेले आम्ही तीस-चाळीस जण
आपापल्या घराशी बोलत.
बार्बाडोस म्हणजे दुर्पताचं तोंड, अडकत अडकत हललेलं.
जमैका म्हणजे बाबांचं ऑपरेशन झालं, ते.

यंदा मंडईला घरी आहे.
दुर्पतानं अंगणात खुर्ची टाकली. मला, खुर्ची!
भाचा विचारतो, मामा, तेथी का खातेत गा?
सांगतो: तळलेली केळी, खारवलेली मासोळी,
नारळाच्या दुधात शिजलेला भात, बकऱ्याचा रस्सा.
"मंग आपल्यावानीच त हाये," म्हणत ती चुलीकडे वळते.
चव कशी, हे कोणी विचारलं नाही. बरं झालं.
मला चव ठाऊक ती परत आलेल्या ताटांची,
काठाला सारून ठेवलेल्या तुकड्यांवरून ताडलेली.

एकदाच, त्रिनिदादला,
गाडीवरच्या म्हाताऱ्या बाईनं कागदात गुंडाळून दिलं:
दोन मऊ पुऱ्या, मधे हरभऱ्याची उसळ.
म्हणाली, बारा.
मी नाणी मोजू लागलो, एक, दोन, तीन...
ती हसतच सुटली.
पुरीचंच नाव होतं ते.

तर पाहुण्यांनो, हा आजचा कागद.
दारं उघडीच आहेत, म्हणून वाचून दाखवतो.

शाळेच्या भिंतीशी सेवकरामची कढई.
लाखोळीच्या डाळीचे वडे पाच मागा, दहा खाल.
ठेचा मागू नका, तो न मागता येतो.
शिंगाडे तळ्यातले, आज पहाटेचे;
सोलायची रीत विकणारीलाच विचारा,
नाही तर बोटातून रक्त निघेल आणि ती हसेल.

खरेदी देवळापासून पाण्याच्या टाकीपर्यंत.
बांगड्या, जर्मनचे गंज, विळे, रबराचे साप.
ऊस घेतलात तर खांद्यावर टाकून न्या,
मंडईहून आलात हे रस्त्याला कळू द्या.
इथं ड्यूटी फ्री काही नाही.
तीन घरी जेवल्याशिवाय गाव सोडत नाही कुणाला.

आणि रात्र.
वडश्याची नाटक कंपनी, तिकीट दोनशे, घोंगडी आपली आपण आणायची.
अकरा लिहिलंय. पडदा साडेबाराला उठेल.
ऑर्गनच्या बाजूला बसू नका,
सकाळी बायको काय बोलते ते ऐकू येणार नाही.
(हेही चांगलंच, असं सेवकराम म्हणतो.)

तळाची ओळ राहिली. परत किती वाजता?
मघाशी बांगडीवालीनं विचारलं,
"कोठचे पाव्हने जी तुमी?"
मी मागं वळून पाहिलं, कोणाला विचारते म्हणून.
मागं फक्त ऊस उभा होता.

तिकीट सतरा तारखेचं आहे.
दुर्पताला अजून सांगितलं नाही.

पहाटेचे चार. खलनायक अजून मेलेला नाही.
थंडी जमिनीतून वर येते.
दुर्पता घोंगडीचं टोक माझ्या खांद्यावर टाकते:
"झोप येते का? घरी जा मंग."
"भोंगा नाही झाला अजून."
"कोनता भोंगा?" डोळे तिचे स्टेजवरच,
आणि न बघता
मूठभर मुर्रा ती माझ्या हातात ओतते,
अर्धा हातात, अर्धा अंधारात.