खारं

चाव्या सुर्वेच्या बोटात. माझ्या पिशवीत
टॉर्च, खडू, मुलाची एक गोटी,
हातात रिकामी बादली,
आणि बरोबर पास्कू मेस्त्री,
एका डोळ्यात मोतीबिंदू.
किती घेणार विचारलं तर म्हणाले, "आधी बघूया."

वेंगुर्ल्यात, बंदराच्या चढावर, दुसरा मजला.
सुर्वे खिडकी उघडतो, "सी व्ह्यू, मॅडम."
समुद्र आहे खरा,
दोन माडांच्या फटीत, बोटभर.
मेस्त्री तिकडे बघतही नाहीत.
वाकून नाण्यानं फरशी वाजवत जातात
टण् टण् टण् ढप.
ढप आलं की मी खडूनं फुली मारते.
पाच फुल्यांपर्यंत सुर्वे फोनवर हसत होता.
नवव्या फुलीला फोन खिशात.

गोटी हॉलच्या मधोमध ठेवली.
तिनं जरा विचार केला
आणि बाल्कनीकडे निघाली.
"पाण्यासाठी उतार लागतो ना," सुर्वे म्हणाला.
"हॉलात?" मेस्त्री म्हणाले.

न्हाणीत बादली ओतली.
पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराशी आलं,
उंबऱ्याला टेकून उभं राहिलं,
उसने पैसे मागायला आलेल्या नातेवाइकासारखं.

सोळा वर्षं मी कुडाळच्या दवाखान्यात नर्स.
नाडी बघते, जीभ बघते,
पापणी खाली ओढून रक्त बघते.
मेस्त्रींनी माळ्याच्या आत, जिथं रंग पोचला नव्हता,
नखानं गिलावा खरवडला,
बोट जिभेला लावलं.
थांबले.
"चाखून बघ, बाय."

खारं.
सुक्या बांगड्याची पाटी धुतल्यावर
बोटांना राहतं, तेवढं.

"वाळू खाडयेची. धुवल्यानी नाय.
आतली सळी कुजतली. धा-बारा वर्सांत."

मग टॉर्च त्या कोपऱ्यातून हलेना.
थापीचा फटका, डावीकडून वर,
शेवटी मनगटाची एक बारीक गिरकी.
"ह्यो आमच्या बस्त्यावचो हात."
"मुलगा?"
"धाकटो झील. माझ्याकडेच शिकलो."
तळवा त्यांनी भिंतीवरून फिरवला,
तापातल्या पोराच्या पाठीवरून फिरवतात तसा.
"बघ, खंय वाकडा नाय.
जी वाळू दिल्यानी, ती लायल्यान."

सुर्वे जिन्यात आडवा आला, पन्नास हजार कमी करतो म्हणाला,
फरशा बदलून देतो म्हणाला,
मिठाबद्दल काही म्हणाला नाही.
मी वहीत लिहीत होते. फरशा नऊ. उतार. जाळी.
पुढं पेन अडलं.
मेस्त्री पायरीवर बसून चपलेतला खडा काढत होते,
वर न बघताच म्हणाले,
"मीठ लिव.
हात लिव नको."

पैसे घेतले नाहीत. चहाही नको म्हणाले.
तिठ्यापर्यंत स्कूटरवर मागं बसून आले, गप्प.

पुढच्या रविवारी एक घर बघायचंय, शिरोड्याला,
मिठागराच्या अंगाला. कोण येईल बरोबर, ठाऊक नाही.
रात्री मुलानं गोटी मागितली तेव्हा आठवलं,
ती तिथंच राहिली,
बाल्कनीच्या कोपऱ्यात,
जिथं सगळं घर तिला घेऊन गेलं.