‘काळू’, चौथा मजला

महाप्याच्या या इमारतीत मीटिंगच्या खोल्यांना नद्यांची नावं आहेत.
उल्हासमध्ये पडदा मोठा,
भातसा कायम कोणीतरी अडवून ठेवलेली,
आणि काळू, बारा जणांची पण खुर्च्या अकराच,
तिचं काम शनिवारी माझ्या वाट्याला आलं.

जुना कॅमेरा मीच बसवला होता.
तेव्हा मी कोणाच्या तरी हाताखाली होतो.
छताची फरशी सरकवली तर केबलवर माझंच अक्षर:
‘हात लावू नये.’
लावला.
धूळ, कबुतराचं एक पीस,
आणि टाय संपल्यावर बांधलेली सुतळी,
अजून घट्ट.

टेबलावर तीन पायांचा फोन,
त्याला सगळे कासव म्हणायचे,
आवाज येईना की पाठीवर थाप मारायचे.
रिमोटचं झाकण हरवलेलं, सेल चिकटपट्टीने बांधलेले.
भिंतीवर लॅमिनेट केलेल्या सूचना:
आधी टीव्ही लावा,
मग डबा चालू करा,
आणि खाली कोणीतरी बॉलपेनने:
मग देवाचं नाव घ्या.

हे सगळं खोक्यात भरून तळोज्याला जाईल, किलोवर.
वजनाच्या रकान्याशी मी जरा थांबलो.
बारा वर्षांचं ‘ऐकू येतंय का’, ‘हॅलो, आता?’,
‘नागपूर, तुम्ही म्यूटवर आहात’,
याचं किती धरायचं?
तौसिफने काटा पाहिला. म्हणाला, साडेसात.

नवा कॅमेरा लांबट, पडद्याखाली चिकटून बसणारा.
वळायला त्याला मान नाही.
तो माणसं मोजतो.
तौसिफ उजवीकडे बसला, मी डावीकडे,
पडद्यावर दोघांभोवती दोन चौकटी,
कोपऱ्यात आकडा: दोन.
इतक्यात कोपराने दार ढकलून
हिरूताई मढवी चहा घेऊन आल्या
आणि आकडा तीन झाला.

ट्रे धरलेले हात, खोचलेला पदर,
चेहऱ्याभोवती पांढरी रेघ,
डायरेक्टरभोवती यायची तशीच.
जुना कॅमेरा दाराच्या अलीकडेच संपायचा.
मी म्हटलं, ताई, बघा, तुम्ही आलात.

नाबर मॅडमनी फोनवर सांगूनच ठेवलं होतं:
दाराकडची बाजू वगळा, क्लायंटला ये-जा दिसायला नको.
सेटिंगमध्ये सोय आहे.
बोटाने हद्द आखायची,
हद्दीबाहेरचं माणूस माणसात धरलं जात नाही.
विसरून जावं, असं माझं ठरत आलं होतं.
कोण विचारणार आहे?
मनातल्या मनात मी फार मोठा होत चाललो होतो.

हिरूताईंनी कप ठेवले, चष्मा वर सरकवला,
पडद्यातल्या स्वतःकडे पाहिलं
जळलेल्या पापडाकडे पाहावं तसं.
‘मना नको घेऊ त्यान,’ म्हणाल्या.
‘अकरा वर्सं या खोलीन येतंय मी.
कोनाची बदली, कोनाचा पगार अरकला,
त्याच्या बायकोला कलायच्या आधी मना म्हाईत.
का? तर मी दिसत नाय.
उद्या माजा त्वांड तिथं दिसला
का सगली गप बसतील.’

तौसिफला ठसका लागला.
‘तुजा कंत्राट मार्चपर्यंतच हाय,’
त्या माझ्या कपाखाली कागद सरकवत म्हणाल्या,
‘मंगलवारी बोलली इथंच.
साखर हाय बघ त्यान, ढवल.’

मी ढवळलं.
मग टॅब हातात घेतला,
दाराच्या कडेपासून रेघ ओढत आणली
पाण्याच्या कपाटापर्यंत.
त्या मागून बघत होत्या.
‘अजून थोरी इकरं.
ट्रे ठेवाला मी त्या टोकाला वाकतंय.’
सरकवली.

त्या बाहेर गेल्या, दार लागलं,
पुन्हा आत आल्या, ट्रेसकट,
टोकाला वाकल्या, रिकामे कप उचलले.
आकडा दोनच राहिला.