कड

शीतल मगदूमनं रुमालाची घडी उलगडली
बफच्या मोटारीशेजारी, जिथं मी चहाचा ग्लास ठेवतो.
"चाचा, साडेआठ लाख सांगतोय. सांगलीचा माणूस आहे.
आतलं मशीन पुण्यात दाखवलं, अस्सल निघालं.
तुम्ही फक्त धातू बघा."

फक्त धातू.
उद्यमनगरात, फाउंड्रीवाल्याच्या पोरानं
धातूला फक्त म्हणावं!
तरी हात पुसले. दोनदा पुसले.

ह्याला कान नाहीत.
बाकीच्या घड्याळांना असतात, पट्टा ओवायला;
चामडं घाला, रबर घाला, कंटाळा आला की बदला.
हे तबकडीपासून खटक्यापर्यंत एकच अंग.
गंगावेशीत धारेला उभ्या म्हशीची मान
कुठं संपते नि खांदा कुठं सुरू होतो
ते बोट ठेवून दाखवता येत नाही, तसं.
म्हणजे पट्टा गेला की घड्याळ गेलं.
घेणाऱ्यानं हे आधी मनाशी धरावं.

आडवं धरलं. कडी कडीवर किती झुकते ते बघितलं:
थोडी. दहा-बारा वर्षांच्या मनगटाएवढी.
हुपरीच्या पैंजणाला एवढा सैलपणा आला
तर बाई म्हणते, आता रुळलं.
हाताच्या लवेवरनं ओढलं, एक केस अडकला नाही.
प्रत्येक कडी मागचीपेक्षा किंचित अरुंद,
व्हर्निअर लागत नाही, बोटाला कळतं.
वरच्या अंगाला बारीक रेघा, सगळ्या एका दिशेच्या,
आणि बाजूला तिरकी, काडीएवढी, आरशाची पट्टी.
ह्या दोघींच्या मधे जी कड असते
तिचेच पैसे.
लाखभर वेळ दाखवायचे, बाकीचे तिचे.

खिडकीपाशी नेलं.
कड होती, पण
चार दिवस वापरलेल्या साबणासारखी.

कुणीतरी बफ मारला होता.
डावीकडं जास्त. खालून वर येताना अंगठा दाबलेला,
चौथ्या कडीवर जरा थबकलेला.
मी माझा अंगठा तिथं ठेवला.
बसला.

तेव्हा वर पत्रा होता, आणि मोटार उधारीची.
गाडी चालूच ठेवून एक गृहस्थ आत आला,
"चकाचक करून दे, लग्नाला जायचंय."
चौथ्या कडीवर असताना रेहानानं डब्याला हाक मारली.
चाळीस रुपये घेतले.
घड्याळाचं नाव वाचलं नव्हतं. स्टील होतं.
स्टील आलं की चमकवायचं, एवढंच येत होतं.

आम्ही शिकलगार.
आजा तलवारींना धार लावायचा,
मी चाळीस रुपयांत धार उतरवून दिली.

"काय म्हणता चाचा?"
"पॉलिश झालंय. दीड लाख तरी कमी कर म्हणावं त्याला."
"कुणी केला हा उद्योग?"
मोटार बंद होती, तरी ऐकू आलं नाही असं केलं.
मग म्हटलं, "मी."

त्याला चेष्टा वाटली. हसला.
"मग तुम्हीच नीट करा की!"
गेलेलं स्टील कुठनं आणू, पोरा.
आणखी बफ म्हणजे आणखी कमी.
हे मनात म्हटलं, का मोठ्यानं, आता आठवत नाही.

त्यानं ते मनगटावर चढवलं. खटका लागला,
टक्.
कोरा आवाज.
तेवढ्याला माझा हात लागला नव्हता.