आकडा

सतरा खोकी. डोंगरातून उतरून
लिमाच्या आमच्या तळघरात आली.
वर चिकटपट्टीवर लिहिलेलं:
डॉन लेओन्सिओ कार्वामाका, भूचुंबकाचे कागद.

आमचा पहिला नियम लोखंड काढण्याचा.
टाचण्या, स्टेपल, क्लिपा, सगळं.
इथली हवा समुद्राची, गंज कागद खातो.
मी चिमटा घेऊन बसले
आणि तिसरं खोकं संपलं तरी
वाटीत एक टाचणी पडली नाही.

कागद शिवलेले होते.
अल्पाकाच्या लोकरीचा करडा दोरा,
धावदोरा नव्हे, नीट उलटटाका.

मग वाचताना कळलं, त्यांनाही लोखंड चालत नसे.
वांकायोपलीकडच्या माळावर त्यांची दगडी खोली,
तांब्याचे खिळे, लाकडी खिटी.
आत जाताना चाकू बाहेर, किल्ल्या बाहेर,
पट्ट्याऐवजी नाडी.
आत अंधारात धाग्याला टांगलेलं एक चुंबक
आणि त्याच्या आरशावरून निघालेला ठिपका
फिरत्या ढोलावर रेघ ओढत बसलेला.

एकतीस वर्षं, रोजचा एक कागद.
रात्री रेघ सपाट, पाय पसरून झोपलेली.
दुपारी ती टेकडी चढते,
कारण शंभर किलोमीटर वर, उन्हात,
विजेची एक नदी पूर्वेकडे वाहू लागते.
समासात ते लिहितात: आज पूर.
किंवा: आज पाणी बेताचं.
खालच्या मांतारो नदीचं, शेतांचं, मुलीच्या जन्माचं
समासात काही नाही.
एकदाच: भूकंप. कागद बदलला.

बाकी आकडेच आकडे.
पेन्सिलीचे, बारीक, मुंग्यांसारखे रांगेने.

अकराव्या खोक्यात मात्र
चौदा ऑगस्टच्या कागदावर, चार वाजून दहा मिनिटांनी,
रेघ दचकली आहे.
साडेतीन मिनिटं, मग पुन्हा सरळ.
पाठीमागे लिफाफा. लिफाफ्यात
केसांचा एक आकडा, गंजलेला,
आणि कागदाच्या तुकड्यावर
त्यांचं अक्षर: व्यत्यय, स्थानिक. कारण सापडले.

कुणाचा, ते नाही.

मुलगी आली होती गेल्या मंगळवारी, एर्लिंदा बाई,
सह्या करायला. सत्तरीच्या आसपास.
मी लिफाफा पुढे केला, जरा बावळटासारखं हसूनही घेतलं,
तुमच्या आईचा असेल.
त्यांनी तो उजेडाकडे धरला.
म्हणाल्या, आईच्या दोन वेण्या असायच्या,
टोकाला लोकर बांधलेली.
आकडा तिने जन्मात लावला नाही.
बाबांना चालायचं नाही ना लोखंड.

मग बराच वेळ आम्ही पंख्याचा आवाज ऐकला.

कागद कुणी शिवले, हेही मी विचारणार होते.
त्या दोऱ्यावरून बोट फिरवत होत्या,
म्हणून विचारलं नाही.

शेवटच्या वहीत हात थरथरलेला आहे.
तरुणपणी त्यांची सुई तिथे अगदी आडवी राहायची,
ना वर, ना खाली, तराजूच्या दांडीसारखी.
पृथ्वीच्या चुंबकाची मधली रेषा
त्यांच्याच उंबऱ्यावरून जायची म्हणे.
पण ती रेषा दरवर्षी थोडी सरकते.
एका वर्षी सुईचं उत्तरेचं टोक
नखभर वर उचललं गेलं, ते गेलंच.
त्यांनी लिहिलंय: मी हललो नाही.
यंत्रही तपासले.

एर्लिंदा बाई निघताना पर्स उघडून थांबल्या,
मग बंद केली. लिफाफा टेबलावरच.
म्हणाल्या, तुमचा नियम काय आहे?
मी सांगितलं, लोखंड काढायचं.
ठेवा, म्हणाल्या. एवढा एक ठेवा.
पण बाकीच्यांपासून लांब.

लांब म्हणजे किती, ते मला ठरवता येईना.
अठरावं खोकं मागवलंय.