उसिरु बिड्री

बेळगावच्या दवाखान्यात ती पोरगी, नेत्रावती,
नाकाला माझ्या चिमटा लावती
आन् म्हनती, अज्जी, उसिरु एळकोरी,
ओढा, ओढा, अजून ओढा,
मग मूठ उघडून दावती: बिड्री.

पहिल्या दिवशी मला ऐकू आलं, बिडी.
म्हनलं, बाई, कवाच न्हाई ओढली,
वळली बी न्हाई.
मी निपाणीच्या वखारीतली, चाळनीवरची.
एकतीस वर्सं भुकटी चाळली पदर नाकाला बांधून,
घरी येऊन त्यो झटकला
की वट्ट्यावरचं मांजर शिंकायचं.
ती हसली. बिड्री म्हंजे सोडा, अज्जी.
मला येतंय की कानडी, बाजारापुरतं.
पर त्या दिवशी कानात बी धाप हुती.

त्या यंत्रात फुंकायचं नसतंय, ओढायचं.
काटा अठ्ठावीसवर थांबला.
अठ्ठावीस काय? तर पान्याचे सेंटीमीटर.
म्हंजे माझी छाती जीव खाऊन
वीतभर आन् वर चार बोटं पानी उचलती.
आमच्या हिरीला चाळीस फूट दोर लागतोय.

डॉक्टर म्हनले, फुप्फुस गेलं ते गेलं,
पर त्याच्या बुडाशी एक पडदा असतोय, मांसाचा,
त्याला कामाला लावू.
म्हनलं, लावा.
त्याला तरी रोजगार मिळू दे.

लोकास्नी वाटतंय, दम चढावर लागतोय.
चढ ऱ्हाऊ दे, वेणी घालून बघा.
दोन्ही हात डोस्क्याच्या वर गेले
की मानंचं, खांद्याचं जे कुनी श्वासाला हातभार लावत असतंय
ते समदं कंगव्याकडं पळतंय
आन् छाती एकटी पडती.
म्हनून वेणी सून घालती. घट्ट घालती.
चूळ भरताना तोंड मिटावं लागतंय, तेवढंच जड.
चपलेचा पट्टा लावायला वाकलो
की पोटच वर येऊन दार लावतंय.
गडहिंग्लजची भन फोनवर असती,
माझं एक वाक्य तीन हप्त्यात जातंय,
मधल्या गपगाराला ती म्हनती,
रेंज गेली काय गं तुमच्या कर्नाटकातली?

घरी दिलंय एक निळं नळकांडं, आत स्प्रिंग.
तीस येळा सकाळी, तीस येळा दिवा लागल्यावर.
आठवड्याला स्क्रू अर्धा फेरा आवळायचा,
म्हंजे हवा आनी महाग.
आदीच परवडत न्हवती, त्यात ही पोरगी भाव वाढवती.
नातू मोजतोय, प्रज्वल, शाळेतल्या कानडीत.
इप्पत्तेंटु, इप्पत्तोंबत्तु, मूवत्तु.
मधले चार-पाच गाळतोय माझं तोंड बघून.
मला कळतंय. मी बोलत न्हाई,
आन् हे दम न्हाई म्हनून न्हवं.
त्यो खेळायला गेला की
ते चार-पाच मी गुपचूप ओढून टाकतो.

सहाव्या आठवड्याला एकोनचाळीस.
हातभराला चार बोटं कमी.
फोटोत फुप्फुस हाय तसंच,
कोळ्यानं सोडून दिलेल्या जाळ्यागत.
नेत्रावतीनं टाळी वाजवली, मी न्हाई,
येताना बसच्या पायऱ्या तीनच हुत्या
तरी दुसरीवर उभा ऱ्हायलो, कंडक्टर खेकसंपतूर.

पर परवा सकाळी भिंतीपल्याड
शेवंताचं दूध वर यायला लागलं, मला वासानं कळलं.
आन् माझ्या तोंडातनं गेलं,
आगं शेवंते, दूध बघ, गॅस बंद कर!
समदं. एकात.

ती पळाली, झाकनाचा आवाज आला,
मग बाहेर येऊन इकडं बघितली, तिकडं बघितली,
म्हनली, आत्ता कोन वराडलं?

मी वट्ट्यावर बसून नुस्ता हात वर केला.
सांगायला कुठला उरतोय.